पहिला दिवस कुठला धरायचा

तिकडे तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या घरात सकाळ उजेडाने नाही, आवाजांनी व्हायची. आधी खालच्या मजल्यावरच्या मामींची पाण्याची मोटर, जी थेट आमच्या पलंगाखाली बसवलीय असं वाटायचं. मग त्यांचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, मग गल्लीच्या तोंडाशी शेअर ऑटोवाल्यांचं 'तरमणी, तरमणी', आणि शेवटी अभिजितच्या फोनचा अलार्म, जो त्याला सोडून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचा. अभिजित म्हणजे माझा नवरा. ओरगडमच्या बाजूला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता आणि दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलायची, एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. मी तरमणीला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा, आणि मी त्यात चांगली होते, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मी हे प्रकरण भराभर टाइप करणार आहे. हळू लिहायला बसले की मला लाज वाटायला लागते, आणि लाजेनेच तर सगळा घोळ करून ठेवला होता.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघर एवढं की फ्रिजचं दार उघडलं की गॅसपाशी उभं राहता यायचं नाही, त्यामुळे दूध आधी काढून ठेवायचं आणि मगच चहा टाकायचा. मी इचलकरंजीची, अभिजित साताऱ्याचा. दोघांनाही सकाळी पोहे लागायचे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे ते पोहे एकतर कागदासारखे पातळ नाहीतर लाल आणि राठ. ते लाल पोहे मी अर्धा तास भिजवायचे तरी अभिजित म्हणायचा, "आज व्यायाम झाला जबड्याचा." खालच्या मामी कधीतरी वाटीभर डांगर पाठवायच्या, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेलं. ते खाताना मला इतकं माहेरचं वाटायचं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि माझ्या माहेरी डांगर दह्यात कुणी कधी कालवलं नव्हतं, हे वेगळंच.

मामी म्हणजे आमच्या घरमालकीण. तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घराण्यातलं कोण कधी तिकडे गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण घरात मराठी राहिली होती, जुन्या पोथीतली वाटावी अशी, आणि मधेमधे तमिळ. पहिल्यांदा त्या मला म्हणाल्या, "तूं जेवलीस कां, कण्णा?" तर मला आधी काही कळलंच नाही, मग कण्णा म्हणजे बाळा हे कळलं आणि इतकं छान वाटलं की मी जेवलेली असून नाही म्हणाले. मामींचे यजमान वारलेले, मुलगा परदेशात. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या, सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी मी त्यांना एक अक्षर विचारलं नाही. आज विचार केला की माझं मलाच कळत नाही. जिन्याखाली तज्ज्ञ बसलेल्या आणि मी इंटरनेटवर कुठल्या कुठल्या अनोळखी बायकांना विचारत होते.

कारण आम्हाला बाळ हवं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, आम्ही चक्क वहीत फायदे-तोटे लिहून ठरवलं की आता हवं, आणि मग सरळ अकरा महिने काही झालं नाही.

पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. मग मी एक ॲप घेतलं. त्यात पाळीची तारीख टाकायची, की ते पुढच्या महिन्याचे दिवस रंगवून द्यायचं. काही दिवस हिरवे, त्यातल्या शेवटच्या दिवशी एक फूल. फूल म्हणजे त्या दिवशी अंडं सुटणार. कुठल्याशा ग्रुपवर एका बाईने लिहिलं होतं की आधीचे पाच-सहा दिवस नवऱ्याने अगदी साठवून ठेवायचं, म्हणजे फुलाच्या दिवशी जोर जास्त. मला ते इतकं पटलं, काटकसरीचं होतं ना. मग आमचं ठरून गेलं. हिरव्या दिवसांत कडक उपास, आणि फुलाचा दिवस आणि त्याच्या पुढचा, अख्ख्या महिन्यात एवढे दोनच आपले. पण ते दोन दिवस नेमके अभिजितच्या रात्रपाळीत नाहीतर दुपारपाळीत यायचे, आणि दुपारपाळीवरून तो यायचा तेव्हा त्याला भूक आणि झोप सोडून काही सुचायचं नाही. म्हणून त्याने शिफ्ट बदलून घ्यायला सुरुवात केली. सेंथिल म्हणून त्याच्या लाइनवरचा मित्र होता, फार भला माणूस, लगेच हो म्हणायचा. कारण काय सांगायचं? अभिजितच्या तोंडातून पहिल्यांदा निघालं ते, घरी सत्यनारायण आहे.

एकदा ठीक आहे. पण दर महिन्याला तेच. तिसऱ्या महिन्यात सेंथिल म्हणाला, "ब्रदर, पूजा ओके. प्रसादम एंगे?" प्रसाद कुठाय. झालं. तेव्हापासून दर महिन्याला, फुलाच्या दिवशी ऑफिसातून आल्यावर, मी केळं घालून साजूक तुपातला शिरा करायचे आणि दुसऱ्या दिवशी तो डब्यातून सेंथिलला जायचा. देवाचं नाव घेऊन खोटं बोलतोय म्हणून मला पाप लागेल असं वाटायचं, म्हणून मी शिरा निदान मनापासून करायचे. काजू जास्त घालायचे. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत त्यांच्या लाइनवरची सात माणसं आमच्या सत्यनारायणाची वाट बघायला लागली होती.

आठव्या महिन्यात आम्ही कोवलमला गेलो, ते प्रसिद्ध नव्हे, आमच्याच जवळचं, बसने तासाभरावरचं कोळ्यांचं गाव. फुलाचा दिवस शनिवारी आला होता, असा योग पुन्हा कधी येणार. समुद्राकडे खिडकी असलेली एक खोली घेतली. खिडकीखालीच जाळी वाळत घातलेली, पहाटे बोटी लागल्या की बायकांचा मासळीवरून जो काही कालवा चालायचा, त्याच्यापुढे मामींची मोटर म्हणजे अंगाई. आम्ही तळलेला मासा खाल्ला, वाळूत बसलो, अभिजितचं नाक सोलवटून निघालं, आणि बसने परत येताना मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनातल्या मनात बाळाचं नाव पण ठरवलं. दहा दिवसांनी पाळी आली.

आणि प्रत्येक वेळी अशीच यायची, ॲप सांगायचं त्याच्या चार दिवस आधी. दर महिन्याला चार दिवस. एखादा महिना सुद्धा चुकला नाही. मी टेस्टर आहे, मी काय केलं असेल? मी त्या ॲपला दोन स्टार दिले आणि खाली मोठा रिव्ह्यू लिहिला की तुमचा हिशोब चुकतोय, दर वेळी चार दिवसांचा फरक पडतो, कृपया दुरुस्त करा. त्यांनी उत्तर दिलं की कृपया तारीख नीट टाकली आहे का ते तपासा. मला इतका राग आला. मला सांगतायत, तारीख तपासा म्हणून.

वरवर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण आतून मी सटपटले होते. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, त्या फक्त फोन ठेवताना "बाकी काही विशेष?" असं विचारायच्या, आणि तो विशेष शब्द मग दिवसभर माझ्या मागे फिरायचा. मला वाटायला लागलं होतं की माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. मशीन चालू होतं, दिवा लागतो, आवाज येतो, पण काम होत नाही, तसं. अभिजितला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बिघाड माझ्यात पण असेल की," आणि हे तो इतक्या समजूतदारपणे म्हणाला की मला आणखीनच रडू आलं. शेवटी अकराव्या महिन्यात अड्यारच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. पुढचा गुरुवार. त्यांनी आधीच भरून आणायला एक फॉर्म पाठवला होता, तीन पानी.

तो शनिवार होता. अभिजित सकाळच्या शिफ्टला गेलेला. मी फॉर्मची प्रिंट घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसले होते, कारण वर एकटीला बसवेना. मामी त्यांच्या मागच्या ओट्यावर भेंडीची टोपली घेऊन आल्या आणि विळी माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "मामी, मी बाजूला आहे."

"मग बाजूला बसूनच चीर," मामी म्हणाल्या.

म्हणजे वेलचेरीत मी काही कोपऱ्यात गोणपाट टाकून बसत नव्हते. ऑफिसला जायचे, स्वयंपाक करायचे. फक्त ते चार दिवस देवाच्या फळीला हात लावायचा नाही आणि पाचव्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हायचं, एवढं राहिलं होतं माहेरचं. पटत होतं म्हणून नव्हे. नाही केलं तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं, म्हणून. तर मी भेंडी चिरायला घेतली आणि मामींनी माझ्या मांडीवरचे कागद उचलले. चष्मा लावला. त्या असं काही वाचायला लागल्या की ओठ हलायचे.

"हा फॉर्म कशाचा, ते मी विचारत नाहीं," त्या म्हणाल्या. "तें मला दिसतें. शेवटच्या पाळीची तारीख मागच्या महिन्याची कशी लिहिलीस? आतां तूं बाजूला आहेस म्हणालीस ना?"

"या महिन्याची तारीख उद्या आहे ना मामी."

"उद्या काय आहे?"

"तारीख. उद्या न्हाणार मी."

मामींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझें सुरू कधीं झालें?"

"बुधवारी."

"बुधवारीं सुरू झालें, आणि तारीख रविवारची?"

"हो. म्हणजे, न्हाल्यावरच ना तारीख."

मामींनी कागद खाली ठेवले. "कुणाची तारीख ग ही? देवाची कां अंगाची?"

तर आता सांगते. आमच्या घरी इचलकरंजीला स्वयंपाकघराच्या दारामागे भिंतीवरचं कॅलेंडर असायचं, आणि त्यावर आई तांबड्या पेनाने बारीक फुली करायची. न्हायच्या दिवशी. कारण घरातलं सगळं त्या दिवसापासून सुरू व्हायचं. पूजा कधी घालायची, लोणचं कधी घालायचं, माहेरवाशिणीला कधी बोलवायचं, सगळं फुलीपासून मोजायचं. आधीचे चार दिवस म्हणजे नसलेलेच दिवस, ते कुणी मोजायचं नाही, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. मी आठवीत असताना माझ्यासाठी पण एक फुली सुरू झाली, निळ्या पेनाची. "तुझी तारीख कधीची गं?" असं आईने विचारलं की मी न्हायची तारीख सांगायचे, ताई सांगायची, काकू सांगायची. दोन फुल्यांमधलं अंतर बरोबरच यायचं, त्यामुळे काही चुकतंय असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. ॲपने जेव्हा विचारलं की पाळीचा पहिला दिवस कुठला, तेव्हा मी विचार सुद्धा केला नाही. पहिला दिवस म्हणजे फुलीचा दिवस.

मामी हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांनी पदर तोंडाला लावला, मग ओट्यावर टेकल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "रक्त तुझ्या न्हाण्याची वाट बघत नाहीं, कण्णा." मी विळीवर तशीच बसलेली, हातात अर्धी भेंडी. माझ्या डोक्यात ते चार दिवस धडाधड येऊन बसत होते. चार दिवस. दर महिन्याला. मी आदल्याच दिवशी ऑफिसात एका पोराचं काम परत पाठवलं होतं, कारण त्याने महिना शून्यापासून मोजायला घेतला होता, आणि त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सुरुवात कुठून धरायची हे आधी बघ रे, बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं.

मग मामींनी आत जाऊन रोज फाडायच्या तमिळ कॅलेंडरचे जुने कागद आणले आणि त्यांच्या पाठीवर मला शिकवलं. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नाही. रक्त नीट सुरू झालं तो दिवस पहिला. माझी पाळी सव्वीस दिवसांची, हे तरी माझं बरोबर होतं. अंडं सुटतं ते साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी. "मागून मोज," मामी म्हणाल्या, "पुढून नव्हें. सगळ्या बायकांना चौदावा दिवस सांगतात, तो अठ्ठावीस दिवसांवाल्यांचा. तुझा बारावा, आसपास. अंगाला घड्याळ नाहीं, ताप आला, झोप नाहीं झाली, तर मागेंपुढें." अंडं जगतं जेमतेम एक दिवस. पण पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस टिकू शकतं, म्हणजे अंड्याच्या आधीचे दिवसच खरे कामाचे. नंतरचे नाहीत.

मी आमचं वेळापत्रक सांगितलं. उपास, फूल, दोन दिवस, सगळं. सत्यनारायण पण सांगितला.

"फूल बाराव्याला दाखवायचें, आणि तुझे आधींच चार दिवस गेलेले," मामींनी बोटं मोजली. "म्हणजे सोळावा, सतरावा. चांगल्या दिवसांत उपास केलात, आणि पंगत उठल्यावर पान मांडलेंत. अकरा महिने."

"कोवलमला पण," मी म्हटलं.

"कोवलमला मासा चांगला मिळतो," मामी म्हणाल्या. "तें वायां नाहीं गेलें."

पण तारखा मोजून भागत नाही, अंग स्वतः सांगतं, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली भेंडी घेतली. चिरलेल्या तोंडाला बोट लावलं आणि हळूच लांब नेलं. मधे पारदर्शक बारीक तार आली. "वेंडक्कायची ही तार बघ. खालचें पाणी कधीं कोरडें असतें, कधीं दह्यासारखें, आणि मग तीन-चार दिवस असें होतें, स्वच्छ, बुळबुळीत, ताणलें तर तुटत नाहीं. तें दिसलें म्हणजे दार उघडलें. तें संपलें म्हणजे बंद." आणि सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी थर्मामीटर. अंडं सुटून गेलं की अंगाचा ताप थोडासा चढतो, अर्ध्या अंशाच्याही आत, आणि पुढची पाळी येईपर्यंत चढलेलाच राहतो. तार आधी सांगते, ताप मागाहून सांगतो. मी विचारलं, हे तुम्ही वॉर्डात सगळ्यांना शिकवायचात? त्या म्हणाल्या, दोन्ही तऱ्हेच्या बायकांना. ज्यांना हवं त्यांनाही आणि ज्यांना इतक्यात नको त्यांनाही, पाठ एकच. फक्त ज्यांना नको त्यांना डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, आणि नवऱ्याने ऐकलं तरच उपयोग.

बारावीपर्यंत शास्त्र शिकले मी. बेडकाचं सगळं पाठ होतं. आणि ही तार मला दर महिन्याला दिसत होती, इतकी वर्षं. मला वाटायचं आपल्याला काहीतरी आजार आहे, म्हणून मी ती कुणाला सांगितली नव्हती.

"डॉक्टरांकडे जाऊ नको असें मी म्हणत नाहीं," मामी उठताना म्हणाल्या. "तीन महिने नीट करा. नाहीं झालें तर मी तुमच्याबरोबर अड्यारला येते. मी आंत येऊन बसेन." ते आत येऊन बसेन ऐकून मला इतका धीर आला की काय सांगू. गुरुवारची वेळ मी पुढे ढकलली.

अभिजित घरी आला तेव्हा मी दारातच सगळं सांगून टाकलं, त्याचे बूट पण काढून झाले नव्हते. तो एक बूट घालून एक काढून ऐकत राहिला. मग खाली बसला. मला वाटलं चिडणार. तो म्हणाला, "म्हणजे मशीन बरोबर आहे. मोजपट्टीचा शून्य हललाय." मग जरा वेळाने, "आणि त्या शिऱ्याचं काय?"

त्याला चुकीपेक्षा दुरुस्तीचं वेड. त्याने त्या संध्याकाळीच आलेखाचा कागद आणला, फॅक्टरीत करतात तसा तक्ता आखला, खाली दिवस, उभं तापमान, मधे एक रेघ, आणि फ्रिजवर चिकटवला. रात्रपाळीचा आठवडा सोडला तर रोज सकाळी मोटर सुरू झाली की तो माझ्या तोंडात थर्मामीटर द्यायचा आणि माझ्याकडे टक लावून बघायचा, कारण मी पाच मिनिटं गप्प आहे हे त्याला दुसऱ्या कुठल्या वेळी बघायला मिळत नव्हतं. आणि शिफ्ट बदलायची वेळ आली चार-पाच दिवस आधी. सेंथिल म्हणाला, "दिस मंथ पूजा अर्ली आ?" अभिजित म्हणाला, मुहूर्त बदललाय.

एका रविवारी सेंथिल घरी जेवायला आला. मी मुद्दाम बोलावलं होतं, अपराधी वाटत होतं म्हणून. पाणी घ्यायला तो फ्रिजपाशी गेला आणि तिथेच थांबला. तो पण क्वालिटीचाच माणूस. तक्ता वाचायला लागला. "गुड डेटा," तो म्हणाला. "सी, टिल ट्वेल्थ डे स्टेबल. थर्टीन्थ डे प्रोसेस शिफ्ट आयिडुच. वॉट यू चेंज्ड?" बाराव्यापर्यंत सगळं स्थिर, तेराव्या दिवशी हललं, काय बदललंत? अभिजित म्हणाला, "ओव्हन." सेंथिलने मान हलवली आणि म्हणाला, ओव्हनला जरा वेळ द्या, होईल सेटल. मी स्वयंपाकघरात जाऊन ओढणी तोंडात कोंबली.

पहिल्या महिन्यात पाळी आली. पण कशी आली माहितीये, तक्ता सांगत होता त्याच दिवशी. आदल्या दिवशी रेघ खाली उतरली आणि मी सकाळीच म्हटलं, उद्या. मी रडले, पण अकरा महिने रडले तसं नाही. मला कळत होतं काय चाललंय ते. दुसऱ्या महिन्यात अभिजितला खरंच ताप आला आणि आमचे चांगले दिवस काढा पिण्यात गेले. मामी म्हणाल्या, हा महिना धरूं नका. पण त्यांनी तो धरलाच, मला माहितीये, कारण तिसऱ्या महिन्यात त्या रोज जिन्यातून विचारायला लागल्या, आणि मला नाही, अभिजितला. "रेघ कुठें आहे?" एवढंच. तो कंपनीची बॅग खांद्यावर घेऊन सांगायचा, "वर आहे, मामी." मला आता लिहिताना पण हसू येतंय, बिल्डिंगमधल्या लोकांना वाटत असेल शेअर बाजाराचं चाललंय.

तिसऱ्या महिन्यात तार तीन दिवस होती. तेराव्या दिवशी रेघ चढली. विसावा, चोविसावा, वर. सव्विसाव्या दिवशी ती उतरायला हवी होती. सत्ताविसाव्या दिवशी थर्मामीटर काढून अभिजितने बघितलं, पुसलं, परत माझ्या तोंडात दिलं. अठ्ठाविसाव्याला आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नाही, असं वाटलं की बोललो तर उतरेल. कागद संपला होता. त्याने दुसरा कागद आणून चिकटपट्टीने शेजारी जोडला आणि दोन्हीकडच्या रेघा जुळतायत का ते पट्टी लावून तपासलं. तिसाव्या दिवशी मी तरमणीच्या स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणली. दोन रेघा. अभिजित म्हणाला, "दुसरी पुसट आहे, नोंद कशी करायची?" आणि मग तो गुडघ्यात डोकं घालून रडला, जे त्याने आधीच्या चौदा महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

मामींना सांगायला खाली गेले तर त्या म्हणाल्या, "सत्ताविसाव्यालाच मला कळलें. तुझा नवरा जिन्यातून नीट उतरत नव्हता."

मग आईला फोन केला. बातमी सांगितली, ती रडली, मी रडले, तिने देवापुढे साखर ठेवली, मी थांबले, ती परत फोनवर आली. आणि मला राहवेना. मी तिला सगळी फुलीची गोष्ट सांगितली, हसत हसत, म्हटलं आई, तुझ्या तांबड्या पेनाने आम्हाला अकरा महिने फिरवलं बघ. रक्त सुरू झालं तो पहिला दिवस असतो. न्हायचा नाही.

पलीकडे आई पुटपुटत काहीतरी मोजायला लागली.

"आई?"

"म्हणजे सुरुवातीपासून मोजायचं?" आई म्हणाली.

"हो."

"तू लहान होतीस तेव्हा ती सरकारी नर्स यायची गल्लीत. ती म्हणाली होती, पहिले आठ दिवस काही होत नाही, चिंता करू नका. मी न्हाल्यापासून आठ धरायचे."

मी मनात बोटं मोजली. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत, म्हणजे ऐन दार उघडं असलेले दिवस. माझ्या पाठीवर चौदा महिन्यांत माझा भाऊ ओंकार झाला. त्या चौदा महिन्यांबद्दल घरात कुणी कधी बोलायचं नाही, पण आई-बाबांचं कशावरून वाजलं की शेवटी आई एकच वाक्य म्हणायची, "तुम्हाला तेव्हा धीर नव्हता म्हणून." आणि बाबा पेपर उघडून बसायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं हे कुठल्यातरी जमिनीच्या व्यवहाराबद्दल आहे.

"ओंकारला काही सांगू नकोस," आई म्हणाली.

"नाही सांगत."

"चांगला पोरगा आहे तो."

"हो गं."

"पंचवीस वर्षं मी ह्यांना बोलतेय," आई म्हणाली, आणि ते मला नव्हतं. फोन तसाच चालू ठेवून ती चालायला लागली. तिच्या सपातांचा आवाज आला, मग टीव्ही बंद केल्याचा, मग बाबांचा, "अगं, बातम्या चालल्यात." आणि मग आईचा, जरा लांबून, पण अगदी स्पष्ट: "अहो, राहू देत बातम्या. बसा जरा. मला तुमची एका गोष्टीसाठी माफी मागायचीय."